आई कामावर गेली आहे

माझी बायको गेली, आणि लोकांनी तिला कामाला लावलं.

जिवंत होती तेव्हा ती एका छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायची. गेल्यावर तिच्या मागे त्याहून जास्त कामं लागली. आमची मुलगी जेवली नाही, तर आई गेली म्हणून. वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपली, आई गेली म्हणून. तोंड आलं, ताप आला, चिडली, गप्प बसली, तरी तेच. एकदा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा मी ताईला म्हणालो, "बघ, हासुद्धा आई गेली म्हणूनच गळतोय."

ताई माझी मोठी बहीण. पलीकडच्या गल्लीत राहते आणि रोज संध्याकाळी येऊन आमच्याकडे जेवणाचं बघते. ती हसली नाही. "तुझ्या तोंडाला काही धरबंध?" म्हणाली आणि नळाखाली बादली सरकवली.

मुलीचं घरातलं नाव खारू. लहानपणी घास गालात साठवून खारीसारखी बसायची, म्हणून तिच्या आईने ठेवलेलं. आता ती बारा वर्षांची झाली होती आणि पुन्हा घास गालात साठवायला लागली होती. फरक एवढाच की आता ती तो गिळायची नाही. आम्ही बघत नसलो की रुमालात काढायची. तोंडात आतून फोड आलेले असायचे. एक बरा होतो तोवर दुसरा. गिळलंच काही, तर थोड्या वेळाने पोट धरून बसायची. उजव्या बाजूला, खाली. कधी ताटावरून उठून धावत संडासात जायची आणि बराच वेळ यायची नाही. संध्याकाळी अंग कोमट लागायचं आणि सकाळी उतरलेलं असायचं. शाळेतली मुलं तिला पावशेर म्हणायची. वर्गात सगळ्यात बारकी तीच. घरी येऊन ती स्वतःच ते सांगायची आणि हसायची. हसायला जोर लागतो, तोही तिच्यात राहिला नव्हता.

शाळेतून बोलावणं आलं. वर्गबाई म्हणाल्या, "सारखी बाहेर जाऊ का विचारते. मी एकदा नाही म्हटलं, तर रडायला लागली. लक्ष वेधून घ्यायचा प्रकार आहे हा. आई नाही ना तिला."

मी म्हणालो, "बाई, लक्ष वेधून घ्यायचं तर ती वर्गात थांबेल. संडासात कोण बघतंय तिला?"

बाईंनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं लोक माझ्याकडे नेहमी बघतात. बिचारा, याचं पण डोकं ठिकाणावर नाही.

मग आमचे डॉक्टर. आमच्या भागात सगळे त्यांच्याकडेच जातात. दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला वजनकाटा आहे, आणि त्या काट्यावर एक कुंडी आहे. मोठ्या पानांचं झाड. किती वर्षं आहे कोण जाणे. पहिल्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी बरोबर सुरुवात केली. काय होतंय, कुठे दुखतं, कधीपासून. हातात नळी घेतली, कानाला लावली. मी म्हणालो, "वर्षभर तरी झालं असेल. म्हणजे हिची आई गेली, त्यानंतर..."

डॉक्टरांनी नळी गळ्यात सोडली.

मी तो आवाज आता ओळखतो. माणूस जोरात बोलत असतो, आणि आई गेली म्हटलं की त्याचा आवाज एकदम खाली येतो, मऊ होतो. त्यानंतर तो काही तपासत नाही. डॉक्टर त्या आवाजात म्हणाले, "मुलं बोलून दाखवत नाहीत हो. त्यांचं पोट बोलतं." जंतांचं औषध दिलं, भूक लागायचं औषध दिलं. पुढच्या वेळी गेलो तर म्हणाले, वेळ द्या. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी आम्हाला समुपदेशनाला पाठवलं.

तिथली बाई चांगली होती, मी खोटं बोलणार नाही. खोलीत बाहुल्या होत्या, रंगीत खडू होते, जमिनीवर बसायला गाद्या होत्या. मला बाहेर बसवलं. परत येताना रस्त्यात खारू म्हणाली, "बाबा, तिने विचारलं, तुझं दुःख कोणत्या रंगाचं आहे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला संडासला जायचंय. तर म्हणाली, विषय बदलू नकोस."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. खारू म्हणाली, "मग मी हिरवा सांगितला. लवकर सुटावं म्हणून."

आता बुटांचं सांगतो, कारण सगळं त्यावरून उघडकीला आलं.

आपलं काही खरं नाही हे बायकोला कळलं, तेव्हा तिने रडारड केली नाही. ताईला घेऊन बुटांच्या दुकानात गेली. खारूसाठी पुढच्या वर्षांचे शाळेचे बूट घ्यायला, प्रत्येक जोड आधीच्यापेक्षा एका मापाने मोठा. दुकानदार म्हणाला, मुलीला घेऊन या, असं न मोजता कुणी बूट घेतं का? बायको म्हणाली, "मोजलीय मी. माझ्याच अंगलटीवर गेलीय ती." मी तिला विचारलं होतं, कपडे नाही, पुस्तकं नाही, बूटच का? तर म्हणाली, "तुझं काय सांगता येतं? पोरीला फाटेपर्यंत त्याच बुटात फिरवशील." माझ्याबद्दल तिचं मत असंच होतं आणि ते बरोबर होतं. खोके कपाटावर ठेवले आणि दरवर्षी शाळा उघडली की एक काढायचा हे काम ताईला दिलं.

ती गेली त्या वर्षीचा जोड खारूला नीट बसला. पुढच्या वर्षी ताईने दुसरा खोका काढला. खारूने बूट घातले, दारापर्यंत चालून परत आली आणि म्हणाली, "बरोबर आहेत."

ताईने डोळ्याला पदर लावला. "बघ, कसा अचूक अंदाज होता तिचा."

थोड्या दिवसांनी खारू लंगडायला लागली. उजवा घोटा. ताई म्हणाली, नवे बूट चावत असतील. मलाही तेच वाटलं. नवे बूट चावतातच.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एके दिवशी एका इमारतीत काम काढलं होतं आणि तिथली वीजच गेली. वीज नसेल तर आम्ही नुसते हमाल. जोडीदार म्हणाला, घरी जा, आज काही होत नाही. मी दुपारीच घरी आलो. खारू माझ्याही आधी शाळेतून आलेली, बाथरूममध्ये होती. बूट दाराशी होते. म्हटलं, बरं झालं, टाचेला जरा तेल लावून कातडं मऊ करू, म्हणजे चावायचे थांबतील. उजवा बूट घेऊन आत हात घातला, तर पुढे काहीतरी मऊ लागलं.

मोजे. गुंडाळी करून घट्ट कोंबलेले. दुसऱ्या बुटातही तसेच.

मी ते काढले आणि बूट उजेडात धरला. आतल्या तळव्यावर बोटांचे काळे डाग पडतात, तसे पडले होते. पण ते बुटाच्या टोकापासून बरेच मागे. कॉटखाली गेल्या वर्षीचे बूट होते. संध्याकाळी खाली जाताना ती तेच घालायची, जुने आवडतात म्हणून. ते काढून शेजारी ठेवले. त्यांच्यात डाग टोकाला होते. टाचेपासून बोटांपर्यंत वितीने मापून बघितलं. दोन्हीत पाऊल तेवढंच. शाळेचं एक वर्ष संपून दुसरं अर्ध्यावर आलं होतं आणि माझ्या मुलीचं पाऊल जिथल्या तिथे होतं.

मी तिथे जमिनीवर बसून राहिलो. बाथरूमचं दार उघडलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मोजे."

"मोजे आहेत ते मला दिसतंय. बुटात काय करतायत?"

"राहतात," ती म्हणाली. जीभ मात्र आईची.

"खारू, मोठे होत होते तर सांगायचं ना. बदलून आणले असते!"

"बदलायचे नाहीत!" ती ओरडली. अंगात नव्हतं तेवढं ओरडली. "आईने बरोबर घेतलेत. मीच तेवढी झाले नाही. मला तेवढं व्हायचं होतं आणि मी झाले नाही. आत्या रडत होती, किती अचूक अंदाज म्हणून. मग मी काय सांगू?"

तिच्या मागे, बाथरूमच्या खिळ्यावर तिची चड्डी धुऊन वाळत घातलेली दिसली. खारू कधी कपडे धूत नाही. रुमाल धू म्हटलं तरी तोंड वाकडं करते.

"ते का धुतलंस?"

तिने पाठीमागे बाथरूमचं दार ओढून घेतलं.

"खारू."

"रक्त पडतं," ती म्हणाली. "रोज नाही. कधीकधी."

तिला पाळी आली असेल, असं मला क्षणभर वाटलं. तिच्या ते लक्षात आलं. "ते नाही, बाबा. शी करताना."

"कधीपासून?"

"आधीचे बूट होते तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आई पण अशीच बारीक झाली होती. जेवायची नाही, झोपून असायची. मग तू तिला दवाखान्यात नेलंस." तिने बोलता बोलता बूट उचलला आणि मोजे परत आत कोंबायला लागली. "आणि एकटाच परत आलास."

संध्याकाळी ताई आली. मी तिला बूट दाखवले, घोटा दाखवला. घोट्याला बुटाचा ओरखडासुद्धा नव्हता. तो नुसता सुजलेला आणि गरम होता. मग रक्ताचं सांगितलं. म्हणालो, "आता सांग. आई गेली म्हणून रक्त पडतं? आई गेली म्हणून पाय वाढायचा थांबतो? सांग ना, दोन वर्षं तुम्ही सगळे सांगताय मला."

ताई खुर्चीत बसली. बुटातले मोजे बाहेर काढून मांडीवर सरळ केले. मग म्हणाली, "माझ्यावर नंतर ओरड. आधी उद्या रजा टाक."

सकाळी आम्ही तिघं आमच्या डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं नीट, शांतपणे सांगायचं ठरवलं होतं आणि सांगितलंही. डॉक्टरांनी खारूच्या गालावर चापटी मारली. "शी कडक होत असेल. जोर केला की चीर पडते, थोडं रक्त दिसतं. मनावर ताण असला की मुलं शी दाबून धरतात. आई नसली की या सवयींकडे बघणारं कुणी..."

"तिला कडक होत नाही," मी म्हणालो. "पातळ होतं. तुम्ही विचारलं नाहीत. डॉक्टर, एखादी लिफ्ट मध्येच अडकते अशी तक्रार आली, तर मी रजिस्टरमध्ये बघत नाही, इमारतीत कोण वारलं म्हणून. दार उघडून आत बघतो."

"माणूस म्हणजे लिफ्ट नव्हे हो," डॉक्टर हसून म्हणाले.

मी उठलो, काट्यावरची कुंडी उचलली आणि त्यांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर ठेवली. खालून मातीचं पाणी पसरलं. "खारू, काट्यावर उभी राहा."

ती उभी राहिली. काटा जरासा हलला आणि थांबला. आठ वर्षांच्या पोराचं असावं एवढं वजन. ताईने तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं की नाही, मला आठवत नाही. ओले कागद झटकत ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या अशा रागाचाही मुलीवर परिणाम होत असतो."

शेवटी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. माझं समाधान व्हावं म्हणून, असं म्हणाले. बाहेर पायरीवर बसून खारूने ती वाचली. वर पहिलीच ओळ होती, आईचं निधन. दुसरी ओळ, वडील अस्वस्थ. पोटाचं तिसऱ्या ओळीला आलं होतं. रक्ताचं कुठेच नव्हतं.

"बाबा, ही दिली की ते पण आईचंच विचारत बसतील," ती म्हणाली.

"बसतील."

"मग नको देऊस. आईचं सांगूच नको."

"आणि विचारलं तर? आई कुठे आहे, विचारतातच."

"कामावर गेली आहे म्हण."

हे वाक्य आमच्या घरात जुनं होतं. शाळेतून सही मागायला कुणी आलं, शेजारीण चहा पावडर मागायला आली, तर खारू दारातूनच ओरडायची, आई कामावर गेली आहे. मी ताईकडे बघितलं. वाटलं, ही आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल. ताईने खारूच्या हातातून चिठ्ठी घेतली, चार तुकडे केले आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. "चला," म्हणाली.

मोठ्या दवाखान्यात मुलांच्या पोटविकारांचा विभाग वेगळा होता. चिठ्ठी नव्हती, म्हणून नंबर सगळ्यात शेवटी लागला. बाकांवर मुलं, आया, डबे, पाण्याच्या बाटल्या. खारू मधून मधून उठून जायची आणि तिथे कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, कारण तिथली निम्मी मुलं तशीच उठून जात होती. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "बाबा, इथले संडास छान आहेत. खूप आहेत." एवढी खूश मी तिला किती दिवसांत बघितली नव्हती.

डॉक्टर बाई होत्या. बारीक कापलेले केस, चष्मा डोक्यावर, आवाज भाजीवालीसारखा खणखणीत. कागदावर लिहीत म्हणाल्या, "वडील तुम्ही. या?"

"आत्या," ताई म्हणाली.

"आई?"

"कामावर गेली आहे," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

तेवढ्यावर थांबायचं, तर ताईला राहवलं नाही. "आज सुट्टी मिळाली नाही हो तिला. मोठं काम आलंय छापखान्यात. खूप इच्छा होती यायची." आणि तिचे डोळे भरून आले. नाक शिंकरायला ती दाराकडे वळली.

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. कागदावर लिहिलं, नोकरी. आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

एवढंच. आवाज खाली आला नाही. मऊ झाला नाही. त्यांनी खारूला भिंतीला टेकवून उंची मापली, वजन केलं. आधीची उंची कुठे लिहिलेली आहे का, विचारलं. कुणीच कधी मापली नव्हती. मी पिशवीतून बूट काढले. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी चष्मा खाली ओढला, दोन्ही बुटांत बोटं घालून बघितलं, परत एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, "हे कुणी ठेवलं जपून? शाबास." मग तोंडात बॅटरीचा उजेड टाकला. फोड मोजले. डोळ्याची पापणी खाली ओढली. नखं बघितली. घोटा दाबला. टेबलावर झोपवून पोट चाचपलं, आणि उजवीकडे खाली हात गेला तेव्हा खारूने त्यांचं मनगट धरलं.

"दुखलं?"

"हो."

"शीला किती वेळा जातेस? झोपेतून उठावं लागतं? एकदम घाई लागते? रक्त?"

खारू उत्तरं देत गेली. मला माहीत नव्हती अशी उत्तरं. मग बाई तिलाच म्हणाल्या, "मला खालून, शीच्या जागेला बघावं लागेल. सिस्टर इथे थांबतील. लाज वाटेल, पण मला बघायला पाहिजे. बघू?"

खारू हो म्हणाली. मी पडद्याबाहेर उभा होतो. आतून बाईंचा आवाज आला, "हे केवढं दुखत असेल गं तुला."

"बसताना," खारू म्हणाली.

"शाळेत दिवसभर बसतेस ना?"

"हो."

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. वर्षभर ती त्या बाकावर बसत होती, आणि बाहेर जाऊ का विचारलं की आम्ही म्हणत होतो, आई नाही ना तिला.

बाहेर आल्यावर बाई हात धुता धुता म्हणाल्या, "आतड्याला सूज असावी. नुसती आज-उद्याची नाही, जुनी. नक्की काय ते रक्त, शी आणि दुर्बीण घालून तपासल्यावर सांगेन. दुर्बिणीच्या वेळी झोपेचं इंजेक्शन देऊ, तिला कळणारसुद्धा नाही. पण मुलांमध्ये हा आजार असाच येतो. प्रत्येकाला जुलाब होतातच असं नाही. कुणाचं नुसतं तोंड येतं, कुणाचा सांधा सुजतो, कुणाला ताप, कुणी चिडचिडं होतं. आणि कितीतरी मुलं नुसती वाढायची थांबतात. घरच्यांना वाटतं, बारीकच आहे, अंगकाठीच तशी."

"मनामुळे नाही होत?" ताईने विचारलं. तिला विचारायलाच हवं होतं.

"मनामुळे पोट दुखतं ना. खोटं नसतं ते. पण ते म्हणायच्या आधी पोट बघायचं असतं."

खारू टेबलावरून पाय लोंबकळवत बसली होती. "याने माणूस मरतो का?"

बाई तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "तुला आतापर्यंत जे दिसलंय त्यावरून मला तशी भीती वाटत नाही. हा पूर्ण निघून जात नाही, पण औषधांनी दबून राहतो. माझ्याकडची या आजाराची मुलं शाळेत जातात, भांडतात, माझ्याशी पण भांडतात."

"आणि बूट?"

"सूज दबली की वाढशील. अजून वेळ आहे तुला. बूट टाकू नका."

रांगेत आम्ही जेवढा वेळ बसलो होतो, त्याच्या पाव वेळात हे सगळं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी बोललो नाही. माझी मुलगी तपासून घ्यायला मला माझ्या बायकोला जिवंत करावं लागलं. मेलेल्या बाईच्या मुलीचं पोट कुणी बघत नव्हतं. कामावर गेलेल्या बाईच्या मुलीचं बघितलं.

तपासण्या झाल्या. दुर्बिणीत आतड्याच्या आत जखमा दिसल्या, तुकडा काढून तपासला. क्रोन्स नावाचा आजार निघाला. बाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं, कुठे कुठे सुजलंय ते. म्हणाल्या, सुरुवातीला काही आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद. फक्त एक पातळ, दुधासारखं पेय. त्याने आतड्याला आराम मिळतो आणि अंगही धरतं. नंतर गोळ्या. "अवघड असतं हे. घरात बाकीचे जेवतात, वास येतो, मूल रडतं. म्हणून पुढच्या वेळी आईला घेऊन या. एक दिवस रजा टाकायला सांगा. मला तिला समजावून सांगायचंय."

ताईने माझ्याकडे बघितलं. खारूने जमिनीकडे.

"ती येणार नाही," मी म्हणालो. "ती नाही. वारली. दोन वर्षं होत आली."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता आवाज खाली येईल. आता म्हणतील, अच्छा, म्हणजे म्हणून.

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. आवाज होता तसाच खणखणीत, उलट जरा चिडका.

मीही चिडलो. "सांगून बघितलं होतं! जिथे सांगितलं तिथे सगळे तिच्याकडे बघत बसले. हिच्याकडे कुणी बघेना. शाळेत तेच, दवाखान्यात तेच. घरात तेच. हिला रक्त पडत होतं आणि लोक हिला दुःखाचा रंग विचारत होते."

"हिरवा," खारू पुटपुटली.

बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला. मग म्हणाल्या, "मला कळलं तुमचं. पण मला माहीत असायला हवं. त्या कशाने गेल्या, त्यांना पोटाचा काही त्रास होता का, घराण्यात कुणाला आहे का, हे मला लागतं."

"विचारा. सगळं सांगतो."

त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तिला मूत्रपिंडाचा आजार होता, पोटाचा नव्हता. बाईंनी मग जाड फाईलचं पहिलं पान उघडलं. वर तो शब्द होता, नोकरी. तो खोडायला त्यांनी पेन टेकवलं.

"तिथे नको," खारू म्हणाली.

"मग कुठे लिहू?"

"खाली. सगळ्यात खाली. औषधांच्या पण खाली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेच बघितलं. मग पानाच्या पार तळाला, औषधं संपतात तिथे, एक ओळ लिहिली आणि फाईल खारूकडे फिरवली. खारूने वाचली. मान हलवली.

परत येताना पेयाचे डबे माझ्या हातात होते. खारूने पहिला पेला तिथेच प्यायला होता. ताईने विचारलं, कसं लागतं? खारू म्हणाली, "आईच्या बांधणीच्या खळीसारखं."

"तू खळ कधी खाल्लीस?"

"लहान होते तेव्हा. आईने मारलं पण होतं."

वाटेत आमच्या डॉक्टरांचा दवाखाना लागतो. दार उघडं होतं. आत बाकावर एक आई बसली होती, शेजारी तिचा पोरगा, मान टाकून. आणि डाव्या हाताला काट्यावर तीच कुंडी, जागच्या जागी.

ताई म्हणाली, "चल. नको आता."

मी डबे तिच्या हातात दिले आणि आत गेलो. कुंडी उचलली, बाहेर आणली आणि पायरीच्या कडेला ठेवली. झाडाला काही झालं नाही, उन्हात बरंच दिसत होतं. आवाज ऐकून डॉक्टर पडद्यातून बाहेर आले. "अहो, हे काय चाललंय?"

"काटा मोकळा केला," मी म्हणालो. "या पोराला उभं करा त्याच्यावर. आधी. काही विचारायच्या आधी."

ते काही बोलणार, एवढ्यात खारू दारात आली. एका पायावर भार टाकून उभी, चेहरा पांढरा. "बाबा, मला जायचंय. आत्ता."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तोंड उघडलं आणि तोच मऊ आवाज काढला, "बाळ, तुला..."

"विषय बदलू नका," मी म्हणालो. "तुमचा संडास कुठे आहे ते दाखवा तिला."